नाण्याला मत, माणसाला नाही

फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप चालविणाऱ्या मेटा कंपनीचे २०२४ सालचे उत्पन्न १६ हजार कोटी डॉलरपेक्षा अधिक होते. त्यातला जवळजवळ सगळा पैसा जाहिरातींचा. पण जाहिरात पाहायची म्हणून कोणी फेसबुक उघडत नाही. आपल्या माणसाने काय लिहिले, कोणाच्या घरी काय झाले, कोणत्या सभेत कोण काय बोलले, हे पाहण्यासाठी लोक ते उघडतात. सहा डिसेंबरला चैत्यभूमीवरून आणि चौदा एप्रिलला गावागावांतून आपली मुले जे फोटो, जी भाषणे, जे लेखन टाकतात, त्यावरही ही कंपनी जाहिराती विकते. म्हणजे माल लोकांचा, मेहनत लोकांची आणि गल्ला तेवढा कंपनीचा. राबणारा एक आणि पीक घरी नेणारा दुसरा, ही रीत या देशातल्या बहुजनांना काही नवी नाही.

म्हणूनच ‘येथे लिहा, लाइक करा आणि पैसे मिळवा’ असे सांगणारे एखादे नवे माध्यम आले की आपल्या तरुणांचे कान टवकारतात. हे पैसे रुपयांत किंवा डॉलरमध्ये मिळत नाहीत, क्रिप्टो नावाच्या आभासी नाण्यांत मिळतात. ती नाणी पुढे बाजारात विकता येतात. मालक नाही, दलाल नाही, संपादकाची मर्जी नाही. लिहिणारा आणि वाचणारा हेच मालक. ऐकायला हे समतेचेच राज्य वाटते. २०१६ पासून अशी अनेक माध्यमे निघाली. त्यांतल्या एकालाही फेसबुकच्या पासंगाला पुरता आले नाही. काही बंद पडली, काही कशीबशी तग धरून आहेत.

असे का झाले? सगळी लबाडी होती, असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण सगळी लबाडी नव्हती. हे काम करणाऱ्यांत प्रामाणिक आणि हुशार माणसे होती आणि त्यांनी मांडलेली तक्रार खरी होती. चूक तक्रारीत नव्हती, रचनेत होती. ती रचना आंबेडकरी वाचकाने नीट समजून घेण्यासारखी आहे. कारण तिच्या मुळाशी जो प्रश्न आहे, त्या प्रश्नावर बाबासाहेबांनी या देशात जवळजवळ तीस वर्षे लढा दिला होता. मताचा अधिकार माणसाला असावा की मालमत्तेला, हा तो प्रश्न.

सर्वांत मोठे आणि सर्वांत बोलके उदाहरण स्टीमिटचे. नेड स्कॉट आणि डॅन लॅरिमर या दोन अमेरिकनांनी २०१६ च्या मार्च महिन्यात ते सुरू केले. स्टीम नावाची एक ब्लॉकचेन, म्हणजे असंख्य संगणकांवर एकाच वेळी ठेवलेली आणि कोणालाही वाचता येणारी खातेवही, हा त्याचा पाया. कोणी काय लिहिले, कोणी कोणाला मत दिले, कोणाला किती पैसे मिळाले, हे सारे त्या वहीत कायमचे नोंदले जाते. त्यामुळे स्टीमिटमध्ये काय घडले याबद्दल अंदाज बांधावे लागत नाहीत, वही उघडी आहे.

४ जुलै २०१६ रोजी लेखकांना पहिल्यांदा पैसे वाटले गेले. एकेका लेखाखाली शेकडो डॉलरचे आकडे दिसू लागले आणि जगभर बोभाटा झाला. स्टीम या नाण्याचा भाव काही दिवसांतच चार डॉलरच्या वर गेला. वर्ष संपता संपता तोच भाव पंचवीस सेंटांच्याही खाली आला होता. जानेवारी २०१८ मध्ये क्रिप्टोच्या तेजीत तो आठ डॉलरच्या आसपास पोचला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस पुन्हा अर्ध्या डॉलरच्या खाली घसरला. नोव्हेंबर २०१८ मध्ये कंपनीने आपली सुमारे ७० टक्के माणसे कामावरून काढली. ज्या माध्यमात लेखकाची मजुरी दोन वर्षांत अशी वरखाली नाचते, तिथे लिहिण्यावर घर चालवू म्हणणाऱ्याचे काय झाले असेल, याची कल्पना कोणत्याही रोजंदारी करणाऱ्या माणसाला येईल.

आता हे पैसे येत कोठून होते ते पाहू. इथेच पहिली मेख आहे. वाचक वर्गणी देत नव्हता. लेखकाच्या हाती जे पडे ते जाहिरातदाराकडून आलेले नव्हते. दररोज काही नवी नाणी पाडली जात आणि ती वाटली जात. डिसेंबर २०१६ च्या नियमानुसार नाण्यांच्या एकूण साठ्यात वर्षाला साडेनऊ टक्के भर पडायची आणि हे प्रमाण दरवर्षी साधारण अर्ध्या टक्क्याने कमी होत जायचे. या नव्या नाण्यांपैकी ७५ टक्के लेखक आणि मत देणारे यांच्यात वाटली जायची. नाणे पाडायला खर्च नाही, पण नाण्याला किंमत तेव्हाच येते जेव्हा कोणीतरी खिशातला खरा पैसा देऊन ते विकत घेतो. लेखकाला मिळालेला प्रत्येक डॉलर हा अशा नव्या खरेदीदाराच्या खिशातून आलेला होता. खरेदीदार कशासाठी घेत होता? चांगले लेख वाचायला मिळावेत म्हणून? ते तर फुकट वाचता येत होते. तो घेत होता उद्या भाव चढेल या आशेने. आशा संपली की खरेदी थांबली, खरेदी थांबली की लेखकाची मजुरी गेली.

याच वाटपात दुसरी मेख दडलेली होती आणि वाढ खुंटण्याचे मोठे कारण आमच्या मते तेच आहे. दररोज वाटायची नाणी ठरलेली होती. लिहिणारे शंभर असोत की लाख, भाकरी तेवढीच. फेसबुकवर आपला शेजारी आला, मामेभाऊ आला, शाळेतला मित्र आला की आपल्याला ते माध्यम अधिक उपयोगी वाटते. प्रत्येक नवा माणूस आधीच्यांच्या फायद्याचा असतो. स्टीमिटवर नवा माणूस म्हणजे त्याच भाकरीला लागलेला आणखी एक हात. तो स्वतःचे पैसे घालून नाणी घेणार असेल तर त्याचे स्वागत, नुसतेच लिहिणार असेल तर तो वाटेकरी. जिथे जुन्याला नव्याची भीती वाटावी अशीच व्यवस्था केलेली आहे, तिथे माणसे वाढणार कशी? जुने लोक नव्यांना बोलावत होते हे खरे, पण गिऱ्हाईक म्हणून बोलावत होते.

या सगळ्याचा परिणाम लेखनावरही झाला. स्टीमिटवर सर्वाधिक काय लिहिले जात होते, तर स्टीमिटबद्दलच. भाव चढेल का, मते कशी मिळवावीत, पहिल्या महिन्यात मी किती कमावले. सगळेच लिहिणारे, वाचणारा कोणी नाही. ज्याच्या मताला वजन आहे अशा धनिकाच्या लेखाखाली ‘छान लिहिलेत’ म्हणणाऱ्यांची रांग लागायची आणि गरिबाने लिहिलेल्या चांगल्या लेखाखाली चिटपाखरू नसायचे. एरवी माणूस मित्राच्या लेखाला अंगठा दाखवतो तो आवडले म्हणून. त्या अंगठ्याला दोन सेंट भाव लागला की तो आवडीचा राहत नाही, देण्याघेण्याचा होतो. लग्नातल्या आहेराची वही ठेवतात ना, कोणी किती केला आणि आपण त्याला किती करायचा, तसा हिशेब प्रत्येक कौतुकाचा सुरू झाला.

पैसा वाटण्याचा अधिकार मात्र मोजक्यांच्याच हाती होता. कोणत्या लेखाला किती नाणी मिळणार हे मतांवर ठरायचे. पण हे मत एका माणसाला एक असे नव्हते. ज्याच्याकडे जितकी नाणी कुलूपबंद ठेवलेली, तितके त्याच्या मताचे वजन. कुलूपबंद नाण्यांना ‘स्टीम पॉवर’ असे नाव होते आणि ती सोडवून घ्यायला सुरुवातीला १०४ आठवडे लागत, पुढे ती मुदत १३ आठवड्यांवर आणली गेली. ज्यांच्याकडे अफाट नाणी होती त्यांना तिथल्या बोलीत ‘व्हेल’, म्हणजे देवमासा, म्हणत आणि नुकत्याच आलेल्या गरिबाला ‘मिन्नो’, म्हणजे चिमुकली मासळी. ही नावे बाहेरच्या टीकाकारांनी ठेवली नव्हती, त्यांची त्यांनीच घेतली होती. आपल्याकडे मत्स्यन्याय हा शब्द निंदेचा आहे, तिथे ती पायरी चढण्याची शिडी समजली गेली.

हे देवमासे मोठे झाले कसे? लिहून? नाही. साखळी सुरू झाली तेव्हा पहिल्या काही दिवसांत कंपनीने स्वतःच्याच संगणकांवर नाण्यांचे खाणकाम करून त्या वेळच्या साठ्याचा सुमारे ८० टक्के हिस्सा आपल्या पदरात पाडून घेतला होता. बाहेरच्या जगाला पत्ता लागेपर्यंत वाटणी होऊन गेली होती. नंतर आलेल्या लाखो लोकांनी लिहून लिहून जी नाणी मिळवली ती उरलेल्यातली. आधी जमिनीचे सातबारे आपल्या नावावर करायचे आणि मग गावात सर्वांना समान संधी आहे असे जाहीर करायचे, त्यातला हा प्रकार.

त्यात सुरुवातीचा नियम तर असा होता की लेखावर पडलेल्या मतांच्या वजनाचा वर्ग करायचा. दहापट वजनाची मते पडली तर शंभरपट पैसे. एका देवमाशाने बोट लावले की हजारो डॉलर आणि शंभर लहानांनी मिळून मत दिले तरी चिल्लर. आरडाओरडा झाला तेव्हा जून २०१७ मध्ये हा नियम बदलून मोजणी सरळ केली गेली. दहापट वजन, दहापट पैसे. न्याय झाला असे वाटले. पण लगेच मतांचा बाजार उभा राहिला. नाणीवाल्यांनी आपले मत भाड्याने देणारे यंत्र-खातेदार उभे केले. इतके पैसे पाठवा, तुमच्या लेखाला इतक्या किमतीचे मत पडेल. लेख वाचायचीसुद्धा गरज नाही, कारण मत देणारे यंत्र आहे. दुसरे काहीजण स्वतःच काहीतरी दोन ओळी लिहून स्वतःलाच मत देऊ लागले. ऑगस्ट २०१९ मध्ये नियम पुन्हा बदलले, मत देणाऱ्याचा वाटा पन्नास टक्के केला, बोगस लेखांवर उलटे मत देण्याची सोय वाढवली. मोजणीचे गणित बदलत राहिले, मताचा मालक कोण हे मात्र एकदाही बदलले नाही.

इथे बाबासाहेबांची आठवण येणे अपरिहार्य आहे. १९१९ साली साउथबरो समितीपुढे साक्ष देताना त्यांच्यापुढे हाच पेच होता. मताधिकार मालमत्तेवर आणि करावर ठरणार असेल तर ज्याला पिढ्यानपिढ्या मालमत्ता करूच दिली नाही तो अस्पृश्य समाज मतदार यादीत येणारच कसा? १९२८ साली सायमन कमिशनपुढे त्यांनी प्रौढ मताधिकाराची मागणी मांडली. शहाणपण आणि जबाबदारी संपत्तीबरोबर येते, ज्याचे गावात काही आहे त्यालाच गावाची काळजी असते, हा त्या काळच्या प्रस्थापितांचा युक्तिवाद होता. स्टीमच्या कर्त्यांचा युक्तिवाद शब्दशः नाही तरी अर्थाने हाच होता. ज्याची नाणी अडकलेली आहेत तो माध्यमाचे भले पाहील, म्हणून त्याच्या मताला वजन. व्यवहारात काय झाले? ज्याची नाणी अधिक, त्याने आपले भले पाहिले. एक माणूस, एक मत आणि प्रत्येक मताला सारखेच मूल्य हे तत्त्व २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी सांगितले, तेव्हाच सामाजिक आणि आर्थिक विषमता तशीच राहिली तर राजकीय समता धोक्यात येईल हेही बजावले होते. इथे तर विषमता हीच मताची मोजपट्टी होती.

कोणी विचारील, मग त्यांनी माणशी एक मत का ठेवले नाही? या प्रश्नाचे उत्तर प्रामाणिकपणे दिले पाहिजे, कारण अडचण खरी आहे. त्या वहीत माणूस दिसत नाही, फक्त खाते दिसते. लाइकला पैसे आहेत म्हटल्यावर एक चलाख माणूस हजार खाती उघडणार आणि हजार मते स्वतःलाच देणार. नाण्याच्या वजनावर मत मोजले तर हजार खाती करूनही फायदा नाही, कारण नाणी तेवढीच राहतात. म्हणजे खोट्या माणसांना रोखण्यासाठी त्यांनी माणूस मोजणेच सोडून दिले. आपल्या निवडणुकीतही बोगस मतदान होते, यादीत मेलेल्यांची नावे असतात. पण त्यावर उपाय म्हणून सातबारा पाहून मते मोजावीत असे कोणी म्हणत नाही. आपण मतदार यादी दुरुस्त करतो, त्यासाठी शाळेतले मास्तर आणि अंगणवाडीच्या ताई उन्हातान्हात घरोघर जातात. माणूस ओळखायला माणूसच लागतो. हे काम कष्टाचे, खर्चिक आणि कंटाळवाणे आहे. ते टाळून समतेचे माध्यम उभे करता येईल असे संगणकवाल्यांना वाटले आणि तिथेच त्यांचा घात झाला.

शिवाय गरिबाला आत येणेच अवघड होते. तेजीच्या काळात नवे खाते मंजूर व्हायला कित्येक दिवस वाट पाहावी लागे. एका खात्याला चार वेगवेगळ्या किल्ल्या. मुख्य पासवर्ड हरवला तर तो परत मिळवून देणारे कार्यालय नाही, अर्ज कोणाकडे करायचा नाही, जमा झालेली नाणी तिथेच अडकली. साध्या फोनवर व्हॉट्सॲप शिकलेल्या आपल्या आयाबहिणी असल्या माध्यमात कधी येणार? तरीही गरीब देशांतले लोक आले. इंडोनेशियातल्या आचे प्रांतातून, नायजेरियातून, चलन कोसळलेल्या व्हेनेझुएलातून आले. तिथे दिवसाला दोन डॉलर ही रक्कम घरात धान्य आणणारी होती. त्यांनी मनापासून लिहिले, स्वतःची मंडळे उभारली, एकमेकांना शिकवले. माध्यमात जो काही जिवंतपणा होता तो बराचसा अशा लोकांचा होता. भाव पडल्यावर सर्वांत जास्त मार त्यांनाच बसला, कारण देवमाशाचे नुकसान कागदावरचे आणि त्यांचे ताटातले.

बाबासाहेबांनी रुपयाच्या प्रश्नावरचा आपला प्रबंध १९२३ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. चलनाच्या क्रयशक्तीची स्थिरता हा त्या विवेचनाचा गाभा आहे. नाण्याची किंमत डळमळली की व्यापारी सावरून घेतो, मजुरीवर जगणारा भरडला जातो. क्रिप्टोच्या समर्थकांना सरकारी चलनावर टीका करताना बाबासाहेबांचे नाव घ्यायला आवडते, कारण चलन पाडणाऱ्यांना मोकळे रान देऊ नये असे त्यांचेही मत होते. पण एका वर्षात पंधरावीसपट खाली येणाऱ्या नाण्यात मजुरी देण्याला त्यांचा आधार शोधणे म्हणजे ग्रंथ न वाचता मुखपृष्ठ मिरवणे आहे.

२०२० साली जे घडले त्याने तर पडदाच फाटला. फेब्रुवारीत ट्रॉन या दुसऱ्या क्रिप्टो साखळीचे प्रमुख जस्टिन सन यांनी स्टीमिट कंपनी विकत घेतली. कंपनीबरोबर तिने सुरुवातीला जमवलेला नाण्यांचा ढीगही आला. तो त्या वेळी एकूण साठ्याच्या सुमारे पंचमांश होता. साखळीचे नियम चालवणाऱ्या वीस निवडून आलेल्या ‘साक्षीदारां’ना भीती वाटली की एवढ्या नाण्यांच्या जोरावर हा माणूस सगळेच ताब्यात घेईल. त्यांनी नियम बदलून ती नाणी गोठवली. यावर सन यांच्या बाजूने उत्तर आले ते २ मार्च २०२० रोजी. बायनान्स, हुओबी आणि पोलोनिएक्स या बाजारपेढ्यांत सामान्य ग्राहकांनी ठेवायला दिलेली स्टीमची नाणी कुलूपबंद करून त्यांच्या वजनावर मते टाकली गेली आणि जुने साक्षीदार एका फटक्यात हटवले गेले. ग्राहकाला विचारले नाही, सांगितले नाही. बँकेने खातेदारांच्या ठेवी मोजून स्वतःच ग्रामपंचायतीत मतदान करावे, असा हा प्रकार. बोभाटा झाल्यावर बायनान्स आणि हुओबी यांनी मते मागे घेतली, पण मालक नसलेले माध्यम किती तासांत विकत घेता येते हे जगाला दिसून चुकले.

२० मार्च २०२० रोजी विरोधकांनी साखळीची नवी प्रत काढली, तिला हाइव्ह असे नाव दिले आणि सन यांच्या ढिगाला त्यात वाटा दिला नाही. त्यानंतर मे महिन्यात जुन्या स्टीमवर नियम बदलून विरोधी खातेदारांची सुमारे २ कोटी ३६ लाख नाणी काढून घेतली गेली. तुमची मालमत्ता कोणी हिरावू शकत नाही, हे ज्या तंत्राचे ब्रीद, तिथे दोन्ही बाजूंनी बहुमताच्या नव्हे तर बहुनाण्यांच्या जोरावर मालमत्ता नाकारली किंवा काढून घेतली. हाइव्हवाल्यांचे बंड आम्हाला समजते. पण बंड करून नवी घटना लिहिताना त्यांनी मताचे वजन नाण्यावरच ठेवले. नव्याने कुलूपबंद केलेल्या नाण्यांना साक्षीदार निवडण्यासाठी तीस दिवस थांबायला लावायचे, एवढा बदल केला. म्हणजे गाव विकत घ्यायचे असेल तर घ्या, फक्त महिनाभर आधी या.

बाकीच्यांची कथा थोडक्यात सांगता येईल. रेडिट या मोठ्या माध्यमाने मे २०२० मध्ये काही गटांत लिहिणाऱ्यांना नाणी वाटून पाहिली आणि २०२३ मध्ये ती योजना गुंडाळली. ती जाहीर होताच त्या नाण्यांचा भाव कोसळला. फ्रेंड-टेक नावाचे माध्यम ऑगस्ट २०२३ मध्ये निघाले. त्यात माणसांशी बोलण्याच्या ‘किल्ल्या’ विकत घ्यायच्या आणि भाव चढला की विकायच्या. आधी आलेल्यांनी विकल्या, नंतर आलेल्यांच्या हाती राहिल्या. सप्टेंबर २०२४ मध्ये चालकांनी त्याचा ताबाच सोडून दिला.

यावरून माध्यमाने लोकांना पैसे देऊच नयेत असा निष्कर्ष काढणे चूक ठरेल. यूट्यूबने २००७ पासून चित्रफिती करणाऱ्यांना जाहिरातीतला वाटा द्यायला सुरुवात केली. मोठ्या चित्रफितींवरच्या जाहिरातींचा ५५ टक्के वाटा करणाऱ्याला मिळतो. यूट्यूब वाढले आणि आज आपल्या भीमगीतांच्या गायकांना, प्रबोधन करणाऱ्या वक्त्यांना तिथून थोडेफार उत्पन्न मिळते. तिथे कंपनीची मर्जी चालते, चॅनेल एका रात्रीत बंद होते, हे सगळे आहे आणि त्याविरुद्ध बोललेच पाहिजे. पण तिथला पैसा बाहेरून येतो. पाहणारा पाहण्यासाठी येतो, त्याला गुंतवणूकदार व्हावे लागत नाही. हजार पाहणाऱ्यांतले नऊशे नव्वद कधीच काही टाकत नाहीत आणि त्यांच्यामुळेच माध्यम चालते. क्रिप्टो माध्यमांनी या नऊशे नव्वदांना हिशेबातच धरले नाही.

आपल्या पत्रांचा इतिहासही इथे बोलका आहे. ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ निघाले ते राजर्षी शाहू महाराजांच्या अडीच हजार रुपयांच्या मदतीवर. १९२७ च्या ‘बहिष्कृत भारत’चे रकाने बाबासाहेबांना बहुतांशी एकट्यानेच भरावे लागले आणि पैशाच्या ओढाताणीत १९२९ मध्ये ते थांबले. वाचकाला वाचण्याचे पैसे कोणी देत नव्हते. उलट ज्याच्या घरात दोन वेळची चूल पेटायची मारामार, तो वर्गणी भरत होता, न भरता आली तर दुसऱ्याचा अंक मागून वाचत होता, वाचता येत नसेल तर वस्तीत दुसऱ्याकडून वाचून घेत होता. आपले दुःख दुसरे कोणी छापणार नाही हे त्याला माहीत होते. अशा वाचकाचा कोणताही भाव बाजारात चढत नाही, म्हणून तो पडतही नाही. आपली पत्रे पैशाने अनेकदा बुडाली, वाचकाअभावी फार कमी वेळा.

आता ज्या तरुणांनी अशा माध्यमांत खाती उघडली आहेत आणि नाणी जमवली आहेत, त्यांच्यासाठी काही रोकड्या गोष्टी. भारतात १ एप्रिल २०२२ पासून आभासी मालमत्तेच्या विक्रीतील नफ्यावर ३० टक्के कर लागू झाला. एका नाण्यातला तोटा दुसऱ्या नाण्याच्या नफ्यातून वजा करता येत नाही. १ जुलै २०२२ पासून ठराविक मर्यादेपुढच्या व्यवहारावर एक टक्का कपात मुळातच होते. आपल्या खात्यावर दिसणारा डॉलरचा आकडा खरा मानू नये. त्यातला किती भाग कुलूपबंद आहे, तो किती आठवड्यांनी सुटतो आणि आज बाजारात त्याला घेणारा कोण आहे, हे आधी पाहावे. कोणी मित्र किंवा नातेवाईक आग्रहाने बोलावत असेल, तर तो आपल्याला लिहायला बोलावतो आहे की नाणी घ्यायला, हे त्याला तोंडावर विचारावे. आणि आतापर्यंत जे लिहिले आहे त्याची एक प्रत स्वतःजवळ काढून ठेवावी.